सायकलीची निवड

माणसास आयुष्यांत पुष्कळशा गोष्टी न निवडतांच मिळतात. गांव, घर, आडनांव, उंची आणि शेजारी यांविषयीं आपलें मत कोणी विचारीत नाहीं. म्हणूनच कीं काय, एखादी वस्तु स्वतः निवडण्याचा प्रसंग आला म्हणजे आपली मोठी तारांबळ उडते. गेल्या दिवाळीनंतर आमच्यावर असा प्रसंग आला. येथें 'आम्ही' हें लेखकाचें बहुवचन समजावें. वस्तुतः आम्ही एकटेच आहों. परंतु ज्यासाठीं सायकल घ्यावयाची होती तें काम एकट्याचें नव्हतें, आणि एवढी साधी गोष्ट उमगण्यास आम्हांस सहा आठवडे लागले. त्या सहा आठवड्यांची ही हकीकत आहे.

आमचें गांव कबनूर. तें इचलकरंजीच्या अगदीं वेशीस लागून आहे. इचलकरंजींत १९०४ सालीं पहिला यंत्रमाग बसला व त्याचा खडखडाट पुढें आजूबाजूच्या गांवांत पसरला. आमच्या गल्लींत माग बंद पडले म्हणजे लहान मुलें दचकून जागीं होतात, इतका तो आवाज अंगवळणीं पडला आहे. पूर्वीं पाळी सुटली कीं सारा रस्ता सायकलींनीं भरून जाई, असें वडील माणसें सांगतात. आतां त्यांची जागा फटफट्यांनीं घेतली आहे. तथापि हँडलास जेवणाचा डबा अडकविलेली, सळयांच्या ब्रेकची, वीस किलो वजनाची काळी सायकल अजूनही अधूनमधून दृष्टीस पडते.

आम्ही चौघे मित्र दर रविवारीं पहाटे सायकलीवर फिरावयास जातों. कधीं माणगांवास, जेथें मार्च १९२० मध्यें राजर्षि शाहू छत्रपति व डॉ. आंबेडकर यांच्या उपस्थितीनें गाजलेली परिषद भरली होती. कधीं आळत्याकडे, रामलिंगाच्या डोंगरापर्यंत. आणि मनांत आलें तर थेट नरसोबाच्या वाडीस, कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. शर्यत नाहीं, पैज नाहीं. वाटेंत एखाद्या टपरीवर चहा, थोडी थट्टामस्करी, आणि ऊन तापण्यापूर्वीं घर. चौघांपैकीं दोघांजवळ गियरच्या सायकली आहेत. चौथ्याजवळ त्याच्या आजोबांची अ‍ॅटलास आहे. १९५१ सालीं सोनीपत येथें सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्यें बंद पडला; आजोबांची सायकल मात्र चालूच आहे. राहिलों आम्ही. आमची सायकल पांचव्या इयत्तेंत घेतलेली. दहावींत आल्यावर आमचे गुडघे तिच्या हँडलास नमस्कार करूं लागले.

आमचे वडील, आप्पा, मागावर कामास जातात. दिवाळीचा बोनस हातीं आला तेव्हां त्यांतील सतरा हजार रुपये त्यांनीं बाजूस काढून ठेविले. आमच्या बक्षिसांचे व आजोळीं मिळालेल्या खाऊचे तीन हजार त्यांत पडले. वीस हजारांत चांगली सायकल मिळण्यासारखी होती. परंतु आमच्या डोक्यांत तीस हजारांची बसली होती.

याचें मूळ आमचे सांगलीचे आतेभाऊ. त्यांच्याजवळ शर्यतीची सायकल आहे: हँडल मेंढ्याच्या शिंगांप्रमाणें खालीं वळलेलें, टायर अवघे २५ मिलिमीटर रुंद, आणि सारें वजन नऊ किलो. त्यांनीं ती आम्हांस आठ दिवस वापरावयास दिली. पहिल्या दिवशीं तिच्यावर बसलों तेव्हां सगळे रस्ते उताराचे झाले आहेत असें वाटलें. पुढच्या चक्रास ५२ दांते, मागच्या सर्वांत लहान चक्रास ११. पायडलाच्या एका फेऱ्यांत ती जवळजवळ दहा मीटर धांवते. त्याच आठवड्यांत आम्हीं सायकलींविषयीं जें हातीं लागेल तें वाचून काढलें. १८८५ सालीं स्टार्लीनें इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें साखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' सायकल काढली. १८८८ सालीं बेलफास्टच्या डनलॉप नांवाच्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तिचाकीसाठीं हवेचा टायर केला. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध शर्यतींत डिरेलरचा गियर वापरण्याची मुभा १९३७ सालीं मिळाली. आणि आंतरराष्ट्रीय नियमानें शर्यतीची सायकल ६.८ किलोंहून हलकी असून चालत नाहीं. हें सर्व आम्ही घरीं, शाळेंत व वाटेंत ऐकवूं लागलों. मित्रांनीं तें निमूटपणें ऐकून घेतलें, यावरून ते किती चांगले आहेत हें वाचकांच्या ध्यानांत येईल.

उरलेल्या दहा हजारांचें काय, असें आईनें विचारतांच आप्पा म्हणाले, "मालकाकडनं उचल घेतो." उचल म्हणजे काय हें आमच्या गांवांत कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. पैसे एका दिवसांत मिळतात. ते फिटावयास मात्र महिने लागतात, आणि ते फिटेपर्यंत माणसास दुसऱ्या कारखान्यांत जाण्याची मोकळीक राहत नाहीं. हें आम्हांस ठाऊक होतें. तरीही आम्हीं 'नको' म्हटलें नाहीं. हें लिहितांना बरें वाटत नाहीं, पण झालें तें असें झालें.

त्या आठवड्याच्या रविवारीं आम्ही चौघे वाडीस निघालों. इचलकरंजी ओलांडून शिरढोणच्या बाजूचा सपाट रस्ता लागला, दोन्ही अंगांस ऊंस उभा होता, आणि आमच्या पायांत वारें शिरलें. आम्ही पुढें सुटलों. गियरवाले दोघे ईर्षेनें आमच्या मागें लागले. चौथ्याची हांक एकदां ऐकूं आल्यासारखी वाटली. पण ती मागें या म्हणून होती कीं पुढें जा म्हणून, याचा विचार करण्यास आम्ही थांबलों नाहीं. वाडीच्या घाटावर पोंचून आम्हीं घड्याळ पाहिलें, एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या, दर्शन घेतलें, बासुंदी खाल्ली. चौथा आला नाहीं. त्याच्या घरीं फोन एकच, आणि तो पाळीवर गेलेल्या आईजवळ असतो. तासभर वाट पाहून आम्ही परत फिरलों. बऱ्याच अंतरावर तो आम्हांस दिसला. तुटलेली साखळी करिअरला बांधून, वीस किलोंची सायकल ढकलीत तो गांवाकडे चालला होता. आम्हीं काय बोलावें हें आम्हांस सुचेना. तोच म्हणाला, "गर्दी होती काय रं वाडीला?"

त्या दिवशीं साडेअकरा वाजतां त्यास आईचा डबा कारखान्यांत नेऊन द्यावयाचा होता. तो घरीं पोंचला तेव्हां जेवणाची सुटी होऊन गेली होती.

संध्याकाळीं आप्पा घरीं आले. ज्या कारखान्यांत ते काम करितात त्याच कारखान्यांत चौथ्याची आई कांड्या भरते. त्यांनीं आपल्या डब्यांतील एक भाकरी तिला दिली होती. हें आम्हांस आईकडून कळलें. आप्पा त्याविषयीं एक अक्षर बोलले नाहींत. जेवून हात धुतांना त्यांनीं एवढेंच विचारलें, "सायकल एकटा फिरायला घेतोयस, का चौघं मिळून फिरायला?"

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं देतां आलें नाहीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर, आठवडाभर वाचलेल्यांतील एक गोष्ट आठवली. १५ ऑक्टोबर १९२३ रोजीं मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलीवर पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले. त्यांपैकीं तिघे वाटेंत गळले. अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारें ७१,००० किलोमीटर हिंडून मार्च १९२८ मध्यें मुंबईस परत आले. ही गोष्ट सांगतांना आम्ही किलोमीटरांचा आंकडा मोठ्यानें म्हणत असूं. तिघे शेवटपर्यंत एकमेकांबरोबर राहिले, हें तितक्या मोठ्यानें कधीं म्हटलें नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही चौथ्याकडे गेलों व नवी साखळी आमच्या पैशांनीं घेऊं असें म्हणालों. त्यानें ती आधींच घातली होती. तो हंसून म्हणाला, "तुझ्या सायकलीची चेन माझ्या सायकलीला बसत न्हाई गड्या." तें खरेंच होतें. शर्यतीच्या सायकलीची साखळी अरुंद असते. जुन्या सायकलीच्या जाड दांत्यांवर ती बसत नाहीं. त्याच्या बोलण्यांत टोमणा नसावा. परंतु तें वाक्य आम्हांस पुष्कळ दिवस पुरलें.

मग आम्हीं आतेभावांची सायकल त्यांस पोंचती केली, वहीचें कोरें पान काढलें, आणि निवडीस प्रथमपासून आरंभ केला. प्रथम आपलें माप घेतलें. भिंतीस पाठ लावून, अनवाणी उभें राहून, अंकगणिताचें पुस्तक दोन्ही पायांमध्यें वर दाबून धरलें व जमिनीपासून त्याच्या वरच्या कडेपर्यंतचें अंतर मोजलें. तें ७८ सेंटिमीटर भरलें. या अंतरास ०.६५ नें गुणिलें म्हणजे सांगाड्याचें माप अदमासें मिळतें, तें ५१ आलें, ०.८८३ नें गुणिलें म्हणजे पायडलाच्या आंसापासून सीटची उंची मिळते, ती ६९ आली. दुकानांत ५६ मापाची एक सायकल पुष्कळ स्वस्तांत देऊं केली होती. परंतु मोठ्या भावाचा सदरा बाह्या दुमडून चालतो, सायकलीचें तसें नाहीं. तेथें पाठ, मान आणि मनगटें त्या चुकीचें व्याज भरीत बसतात.

दुसरा विचार टायरांचा. टायर जितका अरुंद व कठीण तितकी सायकल वेगवान, अशी आमची समजूत होती. गुळगुळीत मैदानावर अरुंद टायर ठीक असेल. पण ऊंस-गाड्यांनीं उखडलेल्या रस्त्यावर अति कठीण टायर सायकलीस व स्वारास सारखा वर उडवीत राहतो, आणि ती प्रत्येक उडी म्हणजे वायां गेलेलें बळ होय. ३२ मिलिमीटरच्या टायरांत हवा कमी दाबानें भरतां येते व तो खड्डा आपल्या अंगावर घेतो. तिसरा विचार दुरुस्तीचा. आतेभावांच्या सायकलीचा वॉल्व्ह इतका बारीक होता कीं आमच्या गांवच्या मिस्त्रींचा पंप त्यास लागेना. पितळेचें एक लहानसें बोंडूक वर बसवावें लागे, आणि तें हरवलें कीं संपलें. मिस्त्री म्हणाले, "जी सायकल गावात दुरुस्त होत न्हाई, ती आपली न्हवं." चौथा विचार ब्रेकचा. पावसाळ्यांत आमच्याकडील काळी माती चाकाच्या कडेस थापून बसते व तेथें धरणारे ब्रेक घसरतात. म्हणून चाकाच्या मध्यावर धरणारे डिस्क ब्रेक पसंत केले.

अखेरीस कोल्हापुरांतून जी सायकल घेतली ती वळलेल्या हँडलाचीच आहे. तेवढी हौस आम्हीं सोडली नाहीं. ती लोखंडी सांगाड्याची व साडेबारा किलो वजनाची आहे. किंमत अठरा हजार दोनशें. उरलेल्या पैशांतून डोक्यावरचें हेल्मेट व मागचा तांबडा दिवा घेतला, कारण गळिताच्या दिवसांत पहाटेच्या अंधारांत उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात. उचल घ्यावी लागली नाहीं. त्याबद्दल आप्पांस कांहीं तरी बोलावें असें फार वाटलें. पण आम्ही फक्त पावती व उरलेले दोनशें रुपये त्यांच्या हातीं दिले. त्यांनीं पावती दोनदां वाचली, घडी घालून देवाच्या फळीवर ठेविली, आणि सायकलीची घंटी वाजवून पाहिली.

गियरविषयीं लिहावयाचें राहिलें. नव्या सायकलीस पुढें ५० व ३४ दांत्यांचीं दोन चक्रें आहेत. मागें १४ पासून २८ पर्यंत सात. चढावर ३४ व २८ यांची जोडी लावली म्हणजे एका फेऱ्यांत ती सुमारें २.६ मीटर जाते. रामलिंगाचा चढ तिनें सोपा केला. उतारावर ५० व १४ लावले तर साडेसात मीटरांहून अधिक. एके दिवशीं चौथ्याच्या दारांत बसून आम्हीं त्याच्या अ‍ॅटलासचे दांते मोजले. पुढें ४४, मागें १८. तिचें चाक आमच्या चाकाहून थोडें मोठेंच आहे; जुन्या सायकलीच्या रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर, नव्या जातीचा ६२२. गुणाकार-भागाकार केला तेव्हां तिच्या पायडलाच्या एका फेऱ्यांत ५.४ मीटरांच्या आसपास अंतर निघालें. मग आम्हीं आमच्या चौदाही जोड्यांचा हिशेब केला. पुढें ५० व मागें २० या जोडीचें उत्तरही ५.४ आलें.

पुढच्या रविवारीं आम्ही चौघे पुन्हां वाडीस गेलों. या वेळीं चौथा पुढें होता. जातांना एके ठिकाणीं चहा झाला, येतांना एक पंक्चर झालें, तें चौघांनीं मिळून काढलें. आणि अकरा वाजण्यापूर्वीं आम्ही कबनुरांत होतों. डबा वेळेवर पोंचला.

वाचकांपैकीं कोणास सायकल घ्यावयाची असेल तर आमचें एवढेंच सांगणें आहे, कीं वजन, टायर व दांते यांची चौकशी अवश्य करावी. परंतु त्यापूर्वीं आपण कोणाबरोबर जाणार आहों हें स्वतःस विचारावें. आमच्या सायकलीस चौदा गियर आहेत. सपाट रस्त्यावर चौथ्याच्या शेजारून जातांना आम्ही बहुधा ५० व २० चीच जोडी ठेवितों. त्या जोडींत त्याचें पायडल व आमचें पायडल बरोबरच खालीं जातें आणि बरोबरच वर येतें.

— एक विद्यार्थी, इयत्ता १० वी