कुछ नहीं होता

२०१८च्या नोव्हेंबरात गोवर-रुबेला लसीकरणाची संमतीपत्रे आमच्या उर्दू शाळेत आली. नाशिकच्या जुन्या मोहल्ल्यातल्या आया दारात उभ्या राहून विचारत, “इससे कुछ होगा तो नहीं?” आम्ही घाईत होतो. सरसकट सांगून टाकले, “कुछ नहीं होता.”

आठवड्याभराने एका मुलीला ताप आला. दोन दिवसांत तो उतरलाही. पण तिची अम्मी शाळेत येऊन म्हणाली, “टीचर, आप तो बोले थे कुछ नहीं होता.” त्या गल्लीतल्या चार घरांनी संमतीपत्रे परत नेली. असा ताप येऊ शकतो हे आम्हाला ठाऊक होते. आम्ही ते सांगितले नव्हते.

वर्गात सूक्ष्मजीव शिकवताना आम्ही मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव सांगतो. त्या नावामागच्या माणसाची हकीकत आम्हाला तेव्हा नव्याने कळली. १८९६मध्ये मुंबईत प्लेग आला. ओडेसात जन्मलेले ज्यू शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. नंतर भायखळ्याच्या तुरुंगात तयार झालेल्या कैद्यांना दिली. कैद्याची राजीखुशी कितपत खरी, हे आज विचारलेच पाहिजे. लोक बिचकत होते तेव्हा तरुण आगाखान तिसरे यांनी सर्वांसमोर लस घेतली. खोजा जमातीतले हजारो लोक त्यांच्यामागून आले.

१९०२मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर आला. बाटली उघडण्याचा चिमटा गावात जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ उजाडले. १९२५मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले.

शास्त्र प्रयोगशाळेतून निघून हातोहात माणसांच्या दारापर्यंत येते. आमच्या मोहल्ल्यात त्यातला शेवटचा हात आमचा होता.

त्या अम्मीची आम्ही माफी मागितली. चारही घरी पुन्हा गेलो. सांगितले, ताप येऊ शकतो, आमच्या मुलीलाही आला होता. पण गोवराने जीवही जाऊ शकतो. तीन घरांनी सही केली. चौथ्याने केली नाही.

२०२२च्या हिवाळ्यात मुंबईत आणि आमच्याच जिल्ह्यातल्या मालेगावात गोवर पसरला, तेव्हा ते चौथे घर आठवले. इल्म ही अमानत आहे. ती पोचवताना त्यातले काही काढून ठेवण्याचा हक्क आम्हाला नाही.