घोड्याच्या पाठीवरची चुंबळ

महाडला आलेली पुष्कळ कुटुंबे चवदार तळे पाहून झाल्यावर आणखी एक दिवस काढतात आणि महाबळेश्वरला जातात. मुंबई-गोवा महामार्गाने पोलादपूर गाठायचे, तेथे महामार्ग सोडून डाव्या हाताला वळायचे, की आंबेनळी घाटाचा रस्ता लागतो. पोलादपूरपासून महाबळेश्वर सुमारे 40 किलोमीटर. खाली सावित्रीचे खोरे, वर प्रतापगडाचा डोंगर, मध्ये वाडा कुंभरोशी. वळणे घेत गाडी चढू लागते तशी कोकणातली उकाड्याची हवा मागे पडते आणि मुले खिडकीशी गर्दी करतात.

वर वेण्णा तलावाच्या काठी घोडे उभे असतात. मुलांचा हट्ट तेथेच सुरू होतो. आम्हीही आमच्या भागातील काही कुटुंबांबरोबर गेलो असता तेच घडले. मुलांचे लक्ष घोड्याच्या आयाळीकडे, मोठ्यांचे लक्ष दराकडे. जीनखाली काय घातले आहे, इकडे मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक घोड्याचे सारे सुखदुःख तेथेच दडलेले असते.

आपल्या घरातील बायाबापड्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. डोक्यावर हंडा किंवा घमेले घ्यायचे तर आधी चुंबळ लागते. चुंबळ नीट वळलेली नसेल तर ओझे टाळूला टोचते आणि मान धरते. हमालही पाठीवर पोते घेताना खाली जाड फडके टाकतो. घोड्याच्या पाठीवरची घडी ही त्याची चुंबळच होय. फरक इतकाच, की आपली चुंबळ आपण सारखी करून घेतो. घोड्याला ते करता येत नाही.

या घडीची कामे तीन. घाम शोषून घेणे, घासणी कमी करणे आणि वजन पसरवणे. या कामाला लोकर उत्तम. तिच्यातून हवा खेळते आणि ती घाम पिते. जुन्या काळी लोकर दाबून केलेला नमदा याच कामी येई. इंग्रजीत जीनखालच्या गादीला ‘नम्ना’ म्हणतात, तो शब्द आपल्याकडच्या नमद्यावरूनच तिकडे गेला. ब्रिटिश फौजेतले स्वार तर जीनखाली घोंगडीची घडीच घालीत. आपल्याकडे धनगरी घोंगडी आहेच. गोणपाट खरखरीत असते, ते कातडीला घासते. फोमचा तुकडा हाताला मऊ लागतो, पण वजनाखाली चेपून बसतो आणि उष्णता कोंडतो. हाताला लागेल ते आत कोंबले म्हणजे झाले, ही रीत जुनीच. निरुपयोगी मजकुराला आपण ‘खोगीरभरती’ म्हणतो, तो शब्द याच रीतीतून आला.

घोंगडीची घडी करायची झाली तर ती जीनच्या कडेबाहेर सगळीकडून तीन-चार बोटे यावी. दुमडलेली बाजू पुढे ठेवावी. शिवण, गाठ किंवा सुरकुती वजनाखाली येता कामा नये. घडी प्रथम जरा पुढे ठेवून मग मागे सरकवावी, म्हणजे खालचे केस उलटे होत नाहीत. त्यावर जीन ठेवल्यानंतर, तंग आवळण्यापूर्वी, घडी मधोमध वर उचलून जीनच्या पोकळीत सारावी. मानेच्या मुळाशी हाडाचा जो उंचवटा असतो त्यावर आणि कण्यावर ती ताणून बसली, तर कातडी सोलते आणि जखम होते.

जीनच बसत नसेल तर घडी जाड करून भागत नाही. बूट घट्ट होत असताना आत जाड मोजा घातला तर पाय अधिकच आवळतो, तसे हे आहे. शिवाय फार जाड गादीवर जीन डोलते आणि स्वार एका बाजूला घसरतो.

घडी नीट बसली की नाही, हे घोड्याची पाठच सांगते. फेरीनंतर जीन उतरवली की घामाचा ओलावा दोन्ही बाजूंना सारखा दिसला पाहिजे. ओल्या जागेत मध्येच कोरडा डाग राहिला तर तेथे दाब पडतो असे समजावे. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके असले तर ती बहुधा जुन्या जखमेची खूण. वाळलेल्या घामाने घडी पापडासारखी कडक होते. म्हणून ती वरचेवर धुऊन उन्हात वाळवावी. एका घोड्याची घडी दुसऱ्याला घालू नये, गजकर्णासारखे कातडीचे रोग त्यातून पसरतात.

आम्ही हिशेबाच्या खात्यात काम करणारे, म्हणून जमाखर्चाचेही सांगतो. पाठ सोललेला घोडा जखम भरेपर्यंत दावणीला बांधून ठेवावा लागतो. त्या दिवसांत मिळकत शून्य, पण चारा आणि औषध चालूच. घोडेवाल्याच्या घरची चूल त्या पाठीवर चालते. जखमेवर घडी टाकून त्याला पुन्हा उभा केला तर जखम वाढते, आणि तो गुन्हाही ठरतो. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्यानुसार जखमेमुळे कामास अयोग्य झालेल्या जनावराला कामाला लावता येत नाही. ओझ्याच्या तट्टावर 70 किलोपेक्षा अधिक भार घालू नये, असे 1965 चे नियम सांगतात.

तेव्हा वाचकहो, महाबळेश्वर असो, पाचगणी असो की आपल्याच रायगड जिल्ह्यातले माथेरान, मुलाला घोड्यावर बसवण्याआधी घोडेवाल्याला घडीची कड उचलून दाखवायला सांगा. पाठ सोललेली दिसली तर दुसरा घोडा पाहा आणि का, तेही मुलाला सांगा. घडी स्वच्छ आणि पाठ निकोप दिसली, तर अशा घोडेवाल्याशी पाच-दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका. त्याने घोड्याला दिलेल्या विसाव्याची किंमतही त्या दरात धरलेली असते.