घराचे ऋतू

सह्याद्रीच्या कुशीतील मुळशी तालुक्यात पाऊस येतो, तो घरांची परीक्षाच घेतो. म्हणून तेथील जुन्या कौलारू घरांत वर्षाची कामे ऋतूंना वाटून दिलेली असत.

वैशाखात छपराची शाकारणी होई. कौले उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, कुजका वासा काढून नवा घालायचा. ७ जूनच्या सुमारास मृग नक्षत्र लागे. त्याआधी सरपण व गोवऱ्या आत येत. पुढे भाताची लावणी आणि बेणणी चाले. त्या दिवसांत घराने गळू नये, एवढीच अपेक्षा असे. पाऊस ओसरला, की घटस्थापनेपूर्वी जळमटे निघत आणि गोधड्या ओढ्यावर धुऊन उन्हात वाळत. भात कापणीला आले, की खळे चोपून सारवले जाई आणि कणगीला शेणमातीचा लेप बसे.

एखाद्या वर्षी शाकारणी टळली, तर काय होई? वानरांनी सरकवलेल्या एका कौलातून पाणी थेंब थेंब झिरपे. वासा कुजे, खालची कणगी भिजे. भर पावसात छपरावर चढणार कोण? वैशाखात जे काम एका कौलावर भागले असते, त्यापायी श्रावणात घरच्या तोंडचा घास जाई.

आज मुळशीत पुष्कळ घरांवर पत्रे व सिमेंटची छपरे आली आहेत. तरी पन्हाळी तुंबतात, गच्चीला भेगा पडतात, आणि मृग काही कोणासाठी थांबत नाही. घर सगळे एकाच दिवशी मागत नाही. पण ज्या ऋतूत जे मागते, ते त्याच ऋतूत द्यावे लागते.