डॉ. कोटणीसांच्या घरीं

सोलापुरास गेलों असतां डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें राहतें घर पाहिलें. तें आतां स्मारक झालें आहे. १९३८ सालीं चीनमधील जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठीं राष्ट्रसभेनें पाठविलेल्या पांच डॉक्टरांत ते होते. त्यांतच आमच्या नागपुरचे डॉ. चोळकरही होते, हें येथील मुलांस सांगावें लागतें! कोटणीस तिकडे असतांना त्यांचे वडील वारले. तरी ते परतले नाहींत. "मग पितृऋणाचें काय?" आमच्या मेहुण्यांनीं तेथेंच विचारलें. प्रश्न रास्त खरा. परंतु जखमांवर पट्टी बांधावयाची राहिलेल्या माणसास टाकून येणें तरी कोणत्या स्मृतींत बसतें? ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या ३२ व्या वर्षीं, ते चीनमध्येंच वारले. त्यांच्या चिनी पत्नीपासून झालेल्या मुलाचें नांव यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन; तो तेव्हां चार महिन्यांचाही नव्हता.