ओळखीची खूण

थोरली मे महिन्यात पुण्याहून आठ दिवसांच्या रजेवर टेंभुर्णीला आली, ती एक जाडजूड पुस्तक घेऊनच. संगणक-सुरक्षेची ‘सिक्युरिटी प्लस’ ही परीक्षा तिला द्यायची होती. वेळ ९० मिनिटे, प्रश्न जास्तीत जास्त ९० आणि उत्तीर्ण व्हायला ९०० पैकी ७५० गुण. “अब्बा, तुमे पूछो, मैं बोलतूं,” म्हणाली. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला. इशाच्या नमाजनंतर आमची उजळणी सुरू झाली.

व्हायरस, वर्म, ट्रोजन यांतला फरक मला कळेना. मग तिनेच शिकवले. व्हायरस दुसऱ्या फाइलच्या अंगावर बांडगुळासारखा जगतो. ती फाइल कुणी उघडली की पसरतो. वर्मला कुणाचा हात लागत नाही. तो जाळ्यातून आपणच पुढे जातो. ट्रोजन उपयोगी प्रोग्रॅमचे सोंग घेतो, त्याला आपणच घरात घेतो. पॉलिमॉर्फिक व्हायरस दर वेळी रूप पालटतो. मी म्हटले, “म्हणजे बहुरूपी.” तिने तो शब्द समासात लिहून घेतला.

तिसऱ्या रात्री प्रश्न आला, पीसीवरचा पहिला व्हायरस कोणता? ‘ब्रेन’, १९८६. फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसणारा. बासित आणि अमजद फारूक अल्वी या भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःची नावे, पत्ता, फोन नंबरही घातले. आपल्या सॉफ्टवेअरची चोरून नक्कल होऊ नये म्हणून तो केला, असे त्यांचे म्हणणे. गाव लाहोर.

तो शब्द मोठ्याने वाचला आणि मी उठून रस्त्याकडची खिडकी लोटली.

“अब्बा, खिडकी कायकू लगाए?”

“हवा आरी,” मी म्हणालो. वारा नावालाही नव्हता.

ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पुण्यातही दोन भाऊच होते. रहिमतपूरचे काटकर. कैलास कॅल्क्युलेटर दुरुस्त करायचे, धाकट्या संजयनी व्हायरसवर औषध लिहिलं. त्याचंच पुढं क्विक हील झालं.”

पुढचा प्रश्न ‘सिग्नेचर’चा होता. माहीत असलेल्या प्रत्येक व्हायरसच्या मजकुरातली एक खूण अँटिव्हायरस यादीत ठेवतो आणि फाइल आली की ताडून बघतो. यात दोन खोटी. यादीत नसलेला नवा व्हायरस निसटतो. आणि कधी निरुपद्रवी फाइलच्या अंगावर तशी खूण दिसली, की तिलाच कोंडून ठेवले जाते. त्याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. म्हणून आता फाइल वागते कशी, तेही बघतात.

एवढे सांगून ती थांबली. मग खाली बघत बोलू लागली. गेल्या वर्षी खोली शोधताना सहा ठिकाणी भाडे, डिपॉझिट सगळे फोनवर ठरले होते. शेवटी नाव विचारले, आणि खोली कुणा भाच्याला दिलेली निघाली. वर्षभर तिने हे घरी सांगितले नव्हते.

मला त्या घरमालकांचा राग आला. पण त्यांच्याकडे जशी नावांची यादी, तशी माझ्याकडे शब्दांची निघाली. एका गावाचे नाव ऐकून स्वतःच्या घरात, स्वतःच्या लेकीसमोर मी खिडकी लावली होती.

मी उठून ती उघडली. हायवेवरच्या ट्रकांचा आवाज आत आला.

“पूछो अब्बा,” ती म्हणाली. मी पान उलटले आणि पुढचा प्रश्न जरा मोठ्यानेच वाचला.