यॉर्कच्या तटाबाहेर

लेकीकडे इंग्लंडला गेले होते, तेव्हाची गोष्ट. यॉर्कला सगळे जातात ते तिथलं भव्य चर्च आणि गावाभोवतीचा जुना तट बघायला. मला बघायचं होतं तटाबाहेर, हेस्लिंग्टन रोडवरचं ‘द रिट्रीट’. “आई, मनोरुग्णांचं इस्पितळ बघायला कुणी जातं का गं?” लेक म्हणाली. पण घरात आमच्या वन्सं आहेत, हे तिलाही ठाऊक. आली मुकाट्याने.

वन्संना स्किझोफ्रेनिया आहे. औषधं चालू असतात, पण दिवस काही सरत नाही. सुरी, विळी, कात्री आम्ही कायम कुलपात ठेवत आलो.

१७९० साली यॉर्कच्या तेव्हाच्या वेड्यांच्या इस्पितळात हॅना मिल्स नावाची तरुण विधवा काही आठवड्यांतच वारली. ती क्वेकर पंथाची. तिला भेटायला गेलेल्या पंथातल्या माणसांना आत सोडलं नव्हतं. त्याच पंथाच्या विल्यम ट्यूक या चहाच्या व्यापाऱ्याने ते मनाला लावून घेतलं आणि १७९६ मध्ये हे घर उघडलं. भोवती अकरा एकर जमीन. खिडक्यांच्या चौकटी लोखंडी, पण दिसायला लाकडी! अंगणात ससे, कोंबड्या, चक्क सीगल पक्षीसुद्धा. मुक्या जिवांकडे पाहून रुग्णांच्या मनात माया जागावी म्हणून. पुरुष रुग्ण बागेत, शेतात राबत. बायकांच्या हाती मात्र सुईदोरा आणि घरकाम. तिथेही तेच, बाई!

विल्यमचा नातू सॅम्युएल याने १८१३ मध्ये या घरावर पुस्तक लिहिलं. त्यातली एक हकिगत माझ्या मनातून जात नाही. तिथले व्यवस्थापक एकदा शेतात एका रुग्णाबरोबर फिरत होते. कशावरून तरी तो बिथरला आणि त्याने मोठा धोंडा उचलला. व्यवस्थापक पळाले नाहीत. नजर न काढता पुढे गेले, ठामपणे म्हणाले, खाली ठेव. हात हळूहळू खाली आला. म्हणजे भीती त्यांनाही होतीच की!

रुग्णांना ठेवून घेणं तिथे २०१८ च्या अखेरीस बंद झालं. आम्ही बाहेरूनच विटांची इमारत आणि जुनी झाडं पाहिली. शेजारच्या गायरानात गाई चरत होत्या. बराच वेळ उभी राहिले.

घरी आल्यावर आधी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “गोळ्या चुकवायच्या नाहीत. काही गोळ्यांनी ऊन सोसत नाही, म्हणून काम सकाळीच.” मग वन्संना गच्चीवर नेलं आणि खुरपं पुढे केलं. माझाच हात कापत होता.

“वहिनी, हे मला?”

मेथी पेरली. चार दिवसांत वर येते, फार वाट पाहायला लावत नाही. काही दिवस वन्सं अंथरुणातून उठतच नाहीत. तेव्हा पाणी मी घालते, बोलत नाही. पहिली जुडी निघाली तेव्हा मात्र त्यांनी स्वतः निवडली.

खुरपं आता गच्चीवरच असतं, टाकीपाशी. विळी अजून कपाटात आहे.