अण्णांची गोळी आणि कुंपणावरची खाजकुयली

मालवण,
मार्गशीर्ष

चि. बाळा यास माई आत्याचे आशीर्वाद.

काल वहिनीचा फोन आला. ती बोलता बोलता सांगून गेली आणि माझी झोप उडाली. अण्णांच्या कंपवाताच्या गोळ्या चालू असताना तू वर खाजकुयलीचं चूर्ण सुरू केलंस, चमचाभर, दुधातून! कोणाला विचारलंस, मेल्या? झाडपाल्याचं आहे, बाधायचं नाही, असं म्हणालास म्हणे. धोतऱ्याचं बी काय कारखान्यात बनतं?

फोनवर तू ऐकून घेत नाहीस, म्हणून लिहिते. खाजकुयलीत औषध नाही असं मी म्हणतच नाही. १९३७ साली दामोदरन आणि रामस्वामी यांनी तिच्या बियांतून लेवोडोपा वेगळा काढला. १९७८ मध्ये मुंबईच्या डॉ. अशोक वैद्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कंपवाताच्या रोग्यांना तीच बी देऊन पाहिली, तीही नीट नोंदी ठेवून. पण अण्णांच्या गोळीतही लेवोडोपाच आहे रे! गोळीत तो किती मिलिग्रॅम ते पाकिटावर छापलेलं असतं. तुझ्या चमच्यात किती? बी बदललं की प्रमाण बदलतं. शिवाय गोळीत कार्बिडोपा असतो. लेवोडोपाचं वाटेतच, मेंदूबाहेर, डोपामाइन होऊन मळमळ सुटू नये म्हणून तो घातलेला. तो आता तुझ्या चूर्णालाही वाट मोकळी करून देणार.

तू विचारशील, डोपामाइनच का देत नाहीत? रक्तातून मेंदूत शिरायला त्याला मज्जाव आहे. लेवोडोपा शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामाइन होतं. मधल्या मेंदूत काळसर पेशींचा एक पट्टा असतो, त्या पेशी डोपामाइन बनवतात. कंप दिसू लागेपर्यंत त्यातल्या पुष्कळ मेलेल्या असतात. एक पेशी दुसरीला चिकटलेली नसते. मध्ये फट असते, इतकी अरुंद की कागदाच्या जाडीत तशा पाच हजार मावतील. पूल होण्याआधी खाडीवर तर चालायची ना, तसं डोपामाइन पलीकडे निरोप पोचवतं, आणि लगेच परत ओढून घेतलं जातं. हे परत येणंही तितकंच महत्त्वाचं. होड्या पलीकडेच अडकल्या तर बंदर तुंबेल.

म्हणून मी वर्गात घसा फोडून सांगायचे, रसायन चांगलं की वाईट हा प्रश्नच खोटा आहे. कुठे सुटलं, किती सुटलं, किती वेळ राहिलं, एवढंच विचारावं. तुझा मोबाइल सेरोटोनिनला सुखाचं रसायन म्हणतो. खाजकुयलीच्या शेंगेवरच्या त्या सोनेरी कुसांतही ते सापडतं. अण्णांनी गणिताच्या मास्तरांच्या खुर्चीवर ती कुसं पसरली होती तेव्हा मास्तरांना किती सुख झालं, ते सगळ्या आचऱ्याने पाहिलं! मार मात्र मी खाल्ला.

आपल्या आजीला रक्तदाबासाठी सर्पगंधा द्यायचे, आठवतं? मुंबईच्या डॉ. रुस्तम वकीलांनी १९४९ साली तिच्यावर लिहिलं आणि जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातलं रेसरपिन वेगळं निघालं. ते पेशींतल्या डोपामाइनच्या पिशव्या रिकाम्या करतं. स्वीडनच्या कार्लसनने १९५७ च्या सुमारास ते सशांना टोचलं, तर ससे लुळे पडून राहिले. मग लेवोडोपा दिला, तेव्हा उठून बसले. त्याला २००० साली नोबेल मिळालं. साठा उपसणारी वनस्पती आपल्या सह्याद्रीतली, भरणारी आपल्याच कुंपणावरची, आणि आपण त्या ओरबाडून विकत बसलो. असो. याच्यावर सुरू झाले की मी थांबत नाही.

वहिनी दुपारची गोळी जेवणाबरोबर देते, होय ना? गोळीवर लगेच सुरमई नको. प्रथिनांचे घटक आणि लेवोडोपा एकाच दाराने मेंदूत शिरतात, त्या गर्दीत गोळी मागे राहते. गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवा. मासे बंद करा म्हणत नाही, अण्णा घर सोडून जातील.

आणि खरी भीती आता लिहिते. रात्री खळ्यात माणसं बसलेली दिसतात असं अण्णा सांगतात, आणि तू देवचाराला गाऱ्हाणं घालून आलास. घाल, माझी ना नाही. पण नसलेली माणसं या आजारातही दिसतात आणि औषध जास्त झालं तरी दिसतात. डॉक्टरांना चूर्णाचं नाव सांगितलंस का? नसशील. चूर्ण थांबवायचं कसं ते आजच त्यांना फोन करून विचार आणि भेटायला जाताना पिशवी बरोबर ने. घाबरून गोळ्या मात्र बंद करू नकोस. एकदम तोडल्या तर अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जिवावर बेततं.

अण्णा उठताना भिंत धरतात असं वहिनी म्हणाली. ते चूर्णाच्या आधीपासून की नंतर? लेवोडोपाने रक्तदाब खाली येतो. न्हाणीत एकटं सोडू नका, आणि आधीपासून की नंतर, याचं उत्तर मला उद्याच कळव.

तुझी,
माई आत्या